पिशवी उचलणारी बाई

चित्रप्रदर्शनं मी चुकवत नाही, पण नवी चित्रं बघताना मनात धाकधूक असते. हे आपल्यालाच कळत नाहीये, का यात कळण्यासारखं काही नाहीच? लातूरच्या त्या हॉलमध्येही तसंच झालं. तरुण चित्रकार कोपऱ्यात उभा राहून येणाऱ्यांचे चेहरे न्याहाळत होता, म्हणून मी प्रत्येक चित्रापुढे मान डोलवत चाललो होतो.

माझ्यापुढे एक साठीची बाई होती. चित्रापुढे आली की ती भाजीची पिशवी जमिनीवर ठेवायची, थोडं मागं सरून नीट बघायची आणि "न्हाई आवडलं" म्हणत पिशवी उचलायची. तेही चांगलं मोठ्यानं.

"ताई, चित्रकार इथंच आहे," मी हळूच म्हणालो.

"असू द्या की. तुम्ही तर पोरगी बघाया आल्यावानी मान डोलवायलाव. तिथं तोंडावर न्हाई म्हणता येत न्हाई, घरी जाऊन कळवतो म्हणावं लागतं. चित्राला कशाला भ्यायचं, भाऊ?"

मला एकदम हलकं वाटलं. चित्रकारानं जवळ येऊन "कसं वाटलं?" विचारलं, तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, "तो लाल चौकोन काही आवडला नाही."

त्याला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो शेवटच्या, नुसत्या राखाडी रंगाच्या चित्राकडे बघत होता. त्या चित्रापुढे ती बाई केव्हाची उभी होती, आणि पिशवी अजून खालीच होती.