चोपड्याच्या शेतातलं लेकरू

जेसीबी नानांनी स्वतःच थांबवला. चोपड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचं शेत. केळी लावायला उंचवटा सपाट करताना मातीत लहानशी कवटी दिसली. पोलीस येऊन बघून गेले. "हे फार जुनं आहे," म्हणाले, आणि काम आमच्याकडे आलं. मी पुरातत्त्वात आहे. उत्खनन हे माझं काम.

आम्ही ब्रशने माती झाडत गेलो तसं लेकरू दिसायला लागलं. कुशीवर, गुडघे पोटाशी. गळ्यापाशी बारीक मणी, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे. शहामृग एकेकाळी आपल्याकडेही होते. असे मणी करणारी माणसं आफ्रिकेतून आशियात आलेल्या भटक्यांच्या वंशातली. आपण नव्या खंडात आलोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. इथली शिकार संपली की पुढचं पाणी गाठायचं, एवढंच. पिढ्यान् पिढ्या.

ऑफिसातून आमच्या प्रमुखांचा, सरांचा फोन आला. "दाताचं सॅम्पल घ्या. डीएनए मिळाला तर कोणत्या वाटेने आले ते कळेल."

"सर, उष्ण मातीत तो क्वचितच टिकतो."

"म्हणूनच जपून घ्या."

डीएनए म्हणजे शरीरातली वंशाची खूण. आपला घाम, श्वास लागला तरी आपली खूण तिच्यात मिसळते. म्हणून आम्ही मास्क, ग्लोव्हज घालून खड्ड्यात उतरलो.

नानांच्या पत्नी, अक्का, कडेला येऊन बसल्या. बराच वेळ बघत होत्या.

"येनी माय कोठे शे?"

"आजूबाजूला पाहिलं, अक्का. दुसरं कुणीच नाही. पुढे जावं लागलं असेल."

"गयीच व्हई ना. बाकीना पोरं जगाडाना व्हतात."

मग त्यांनी सांगितलं. पिंपळनेरहून इकडे जमीन कसायला येताना त्यांचा थोरला मुलगा वाटेतच तापाने गेला, त्याला पुरून पुढे यावं लागलं. "तापीना काठे पुरं त्याले. मंग जागाच सापडनी नही."

एवढं बोलून त्या खाली उतरल्या आणि त्यांनी कवटीवर उघडा तळहात ठेवला. झोपलेल्या मुलाचा ताप बघतात तसा.

"अवं, हात काढ!" नाना वरून ओरडले.

"राहू द्या, नाना," मी म्हणाले.

दाताचं सॅम्पल लॅबला पाठवलं, आणि काही महिन्यांनी रिपोर्ट आला. जुना डीएनए नाही. सापडला तो आजच्या माणसाचा.

"कुणी हात लावला होता?" सरांनी विचारलं. मी सांगितलं.

हातामुळे बिघडलं, की मुळात काही उरलंच नव्हतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. लेकरू आमच्या स्टोअरमध्ये पेटीत आहे. त्याची माणसं कोणत्या वाटेने आली, ते कळलं नाही.

आता मी साइटवर जादा ग्लोव्हज नेते. बघायला येणारी माणसं नुसती बघत नाहीत.