हुबर्टला हवे ते टायर

माझा भाऊ हुबर्ट मूर्ख नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकल्यावर तुम्हाला तसं वाटेल, आणि तसं म्हणायचा हक्क फक्त मला आहे.

त्याने आयुष्यभर जर्मनीतल्या आमच्या आयफेलच्या डोंगरात शाळेची बस चालवली. सकाळी गावोगावची पोरं उचलायची, शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. बर्फ असो, गारा असो, बसला कधी ओरखडा नाही. आज गावातलं चाळिशीच्या आतलं कुणीही घ्या, ते हुबर्टच्या बसमधून उतरलेलं आहे. माझ्या बेकरीत पाव घ्यायला येणाऱ्या बायका अजून म्हणतात, "रोझी, तुझ्या भावाच्या बसमध्ये मला एकदासुद्धा मळमळलं नाही." खरं आहे. पण त्या बसच्या मागे अडकलेल्या लोकांनाही एकदा विचारा.

हुबर्टला घाई चालत नाही. दुधाने तोंड कधी पोळलं नाही, तरी हा ताक फुंकूनच पिणार. पोस्टातली अनेलीसे त्याच्यासाठी किती दिवस थांबली! तिला विचारावं की नको, याचा त्याने इतका विचार केला की शेवटी तिने मायेन गावच्या एका छप्परवाल्याशी लग्न केलं. लग्नाचा केक आमच्याच भट्टीतून गेला. हुबर्टने त्याचा तुकडा खाल्ला आणि मला म्हणाला, "बरं झालं, मी उगाच घाई केली नाही."

आमच्या टेकडीमागे रिंग आहे. जंगलातून वर-खाली वळणं घेत जाणारा शर्यतीचा रस्ता. शर्यत नसेल त्या रविवारी फाटक उघडतं. तिकीट काढायचं आणि आपल्याच गाडीने एक फेरी मारून यायचं. कुणीही जातं. नवरा-नवरी चर्चमधून थेट तिकडे जातात. एकदा आमचे पाद्रीबाबा जाऊन आले आणि पुढच्या प्रवचनात नरकाचं वर्णन जरा जास्तच रंगलं. फक्त हुबर्ट कधी गेला नाही. शाळेपुढे बस लावून तो खिडकी खाली करायचा आणि टेकडीपलीकडचा आवाज ऐकत बसायचा. पोरं विचारायची, "हुबर्ट, तुझी फेरी किती मिनिटांची?" तो म्हणायचा, "आधी निवृत्त होऊ दे, मग दाखवतो."

निवृत्त झाला आणि खरंच स्पोर्ट्स कार घेतली. निळी, दोन माणसांची, इंजिन मागे. एका दंतवैद्याने वापरलेली, पण अगदी जपून. मला वाटलं, सुटला एकदाचा! कसला सुटतो? दर शनिवारी गाडी धुवायची, गावाला एक चक्कर मारायची, परत गॅरेजमध्ये. पुढचा रविवार म्हणजे त्याच्या दृष्टीने नेहमीच जास्त चांगला.

मग गेल्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काचबिंदू असल्याचं सांगितलं. समोरचं नीट दिसतं, पण कडेकडेने अंधार आत सरकतोय. म्हणाल्या, "हे वर्ष दिवसा, जपून चालवा. वर्ष संपलं की परवाना परत करा." दुसरा कुणी असता तर वाद घातला असता. हुबर्ट "ठीक आहे" म्हणाला आणि तिथून सरळ बेकरीत आला.

"रोझी, या मोसमात रिंगवर एक फेरी," तो म्हणाला. "एकच. मी स्वतः चालवणार."

मी आत भट्टीपाशी जाऊन रडले. त्याच्या डोळ्यांसाठी रडले, आणि या माणसाला आयुष्यात एकदा तरी काहीतरी हवंय म्हणून आनंदानेही रडले.

ईस्टर झाल्यावर तो बर्फासाठीचे हिवाळी टायर काढायला गिझबर्टकडे गेला. गिझबर्टचं टायरचं दुकान आमच्या वळणावरच आहे. तोही हुबर्टच्याच बसमधला. त्याने दंतवैद्याचे उन्हाळी टायर तपासले आणि मान हलवली.

"हुबर्ट, नक्षी शाबूत आहे, पण रबर म्हातारं झालंय. यावर रिंगवर जाऊ नकोस." मग आतून एक नवा टायर घरंगळत आणला. "हे घे. कोरड्यात धरतात, ओल्यात घाबरवत नाहीत. या गाडीला मी नेहमी हेच घालतो. मंगळवारी ये, जेवायच्या आत मोकळा करतो तुला."

"विचार करतो," हुबर्ट म्हणाला.

शेजारी उभ्या उभ्या मी मनात म्हटलं, झालं! मी या माणसाला ओळखते.

त्याने मोटारींच्या मासिकांचा ढीग आणला. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावला तर कुठला टायर किती मीटरवर थांबतो, ओल्यावर किती, वळणात किती घसरतो, किती आवाज करतो, किती लवकर झिजतो. एका मासिकात पहिला आलेला टायर दुसऱ्यात चौथा. मग या दोघांत खरं कोण बोलतंय याचा तपास. मऊ रबराचे टायर उन्हात रस्ता असा धरतात की सोडत नाहीत, पण पावसात त्यांच्यावर बसायला धीर लागतो. पावसातले चांगले टायर उन्हात तापले की मऊ पडतात. आणि आमच्याकडची हवा तर तुम्हाला माहीतच आहे. रिंगच्या एका टोकाला लोक बाह्या वर करून सॉसेज खात असतात आणि दुसऱ्या टोकाला गारा पडत असतात. म्हणजे एकाच फेरीत प्रत्येक टायर कुठेतरी चुकणारच.

"कोरडा दिवस बघ आणि कोरड्यातले घे," मी म्हणाले.

"आणि मध्येच पाऊस आला तर?"

"तर हळू चालव! तेच तर तुला येतं!"

तो रागावला नाही. हुबर्ट रागावत नाही, हीच तर पंचाईत. रागावला असता तर एखाद्या दिवशी रागाच्या भरात तरी टायर घेतले असते.

मे गेला. जूनमध्ये त्याने एका टायरवर बोट ठेवलं आणि मी सुटकेचा श्वास टाकला. पण माशी शिंकलीच. त्याला आता त्या टायरच्या बाजूवर गाडीच्या कारखान्याची खूण असलेलेच हवे होते. म्हणजे कारखान्याने खास या गाडीवर तपासलेले. त्याच टायरचे बिनखुणेचे गिझबर्टकडे पडून होते. कायद्यालाही ते चालत होते.

"अरे, कोण बघणार आहे ती खूण?" गिझबर्टने विचारलं.

"मी बघणार," हुबर्ट म्हणाला.

त्या गाडीचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. खुणेचे पुढचे मिळाले, मागचे मिळेनात. जुलै उलटल्यावर मागचे आले. हुबर्ट चष्मा काढून गुडघ्यांवर बसला, रबरावर छापलेला आकडा वाचला आणि उठला. पुढचे टायर यंदाच्या वसंतात बनलेले होते आणि मागचे त्याच्या आदल्या वर्षीचे.

"एका गाडीवर दोन वयाचे टायर?" तो म्हणाला. "नको. परत पाठव."

गिझबर्टने माझ्याकडे पाहिलं. मी गिझबर्टकडे पाहिलं. त्या बिचाऱ्याने लहानपणी हुबर्टच्या बसमध्ये पट्टा लावला नाही म्हणून किती बोलणी खाल्ली असतील, तेच त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने मागचे टायर परत पाठवले.

ऑगस्टच्या एका रविवारी दुपारच्या कॉफीला मी प्लमचा केक घेऊन त्याच्याकडे गेले. बाहेर असं ऊन, की माणसाने घरात बसणं पाप. टेकडीपलीकडून रिंगचा आवाज येत होता. हा टेबलावर मासिकं पसरून बसलेला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हुबर्ट, डिसेंबरनंतर तू हे वाचून काय करणार आहेस? सांग ना! टायर उशाला घेऊन झोपणार?"

"ओरडू नकोस, रोझी. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! सगळ्या गावाला माहीत आहे! बेकरीत रोज विचारतात, तुझ्या भावाचे टायर आले का? पोर जन्माला आलं की नाव विचारतात, तसं विचारतात!"

त्याने केकवर क्रीम घेतली, माझ्याही ताटलीत घातली आणि शांतपणे म्हणाला, "तुला कळत नाही. तो रस्ता आणि आपण यांच्यामध्ये फक्त टायरच असतात." मी केक न खाता उठून घरी आले आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा पाव घ्यायला आला आणि मला बोलावंच लागलं.

सप्टेंबर अर्धा सरल्यावर घोडं एकदाचं गंगेत न्हालं. चारही टायर आले, खुणेचे, एका वयाचे. गिझबर्टने ते बसवले, हवा भरली आणि चुकून एक वाक्य बोलला, "सुरुवातीला थोडं सांभाळून चालव. नव्या रबरावर कारखान्यातला तेलकटपणा असतो." त्याला म्हणायचं होतं, की दोन-चार दिवस बेताने घे. हुबर्टने ते बायबलसारखं घेतलं. रोज सकाळी गाडी काढायचा आणि गावागावांतून तशीच फिरवायचा, जशी बस फिरवायचा. जुन्या थांब्यांपाशी नकळत वेगही कमी करत असावा. माझी पावाची गाडी घेऊन जाताना एकदा मी त्याच्या मागे अडकले. माझ्यामागे एक ट्रॅक्टर होता. तो हॉर्न वाजवत होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असं सोन्यासारखं ऊन पडलं, की मी बेकरी लवकर बंद केली. हुबर्ट आदल्या दिवशी म्हणाला होता, टायर आता तयार आहेत. मी वाटेत खायला सँडविच बांधली, चांगला कोट घातला आणि त्याच्या घरी गेले. गॅरेजचं दार उघडं होतं. गाडी जॅकवर चढवलेली. नवे उन्हाळी टायर भिंतीशी एकावर एक, प्रत्येकावर खडूने लिहिलेलं, पुढचा डावा, पुढचा उजवा. आणि हुबर्ट हिवाळी टायर बसवत होता.

मी कोटासकट आत घुसले.

"ऑक्टोबर लागला," तो म्हणाला.

ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर. बायबलमधल्या दहा आज्ञांनंतरची ही आमची अकरावी. कायद्यात तारीख नाही, बर्फ पडला तर ते लावा एवढंच आहे, पण आमच्याकडची शहाणी माणसं कॅलेंडर बघून टायर बदलतात. मीही बदलते. पण मी उन्हात घाम पुसत बदलत नाही, आणि आयुष्यातली एकुलती एक फेरी समोर असताना तर मुळीच नाही.

"बाहेर बघ!" मी किंचाळले. "लोक आइस्क्रीम खातायत!"

"सकाळी गवतावर दव गोठलं होतं. मऊ रबर थंडीत दगडासारखं होतं. ते टायर आता बरोबर नाहीत."

"मग याच टायरांवर चल! गोल आहेत ना? चल!"

"हिवाळी टायरवर रिंग?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये चपला भिरकावल्या. मी सँडविच त्याच्या बाकड्यावर आपटली आणि निघून आले. रस्ताभर एकटीच बडबडत होते. घरी पोचल्यावर कळलं, मी रडतेय.

नोव्हेंबरच्या मध्याला मोसमाचा शेवटचा रविवार आला. मी कुणाला काही विचारलं नाही. त्याच्या घरी गेले, किल्ली खुंटीवरून काढली, त्याच्या हातात ठेवली आणि गाडीत जाऊन बसले. तो खूप वेळ दारात उभा राहिला. मग टोपी घालून आला. दरीत थोडं धुकं होतं, वर मोकळं होतं. गावात द्यायचा तेवढाही वेग त्याने गाडीला दिला नाही, पण रिंगच्या वाहनतळापर्यंत आणली. तिकीट काढलं. आणि तिथे इंजिन बंद करून बसून राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"रोझी, गिझबर्टने एप्रिलमध्ये दाखवलेले टायर चांगलेच होते."

"म्हणजे?"

"ते घेतले असते तर पुढच्या रविवारी इथे यावं लागलं असतं." दोन्ही हातांनी त्याने स्टिअरिंग आवळून धरलं होतं. "मला भीती वाटते गं. आयुष्यभर मी ताशी ऐंशीच्या पुढे गेलो नाही. पोरांना म्हणायचो, दाखवतो. वाटलं, बरोबर टायर मिळाले की भीती जाईल. प्रत्येक टायर बघताना मी तेच बघत होतो, गेली का म्हणून."

मी वर्षभर साठवलेली सगळी बोलणी तोंडात होती. मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला. इतका थंड हात.

"आधी का नाही बोललास?"

"तू हसली असतीस."

हसलेच असते. ते त्यालाही माहीत होतं.

"मग आता घरी जायचं?" मी विचारलं.

त्याने काचेतून फाटकाकडे पाहिलं. पुढे गाड्यांची रांग होती. "आता टायर चुकीचे आहेत आणि भीती तेवढीच आहे," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. "म्हणजे टायरांचा काही संबंधच नव्हता. पट्टा नीट लाव."

त्याने इंजिन सुरू केलं. आम्ही रांगेत लागलो. एक गाडी आत गेली, मग दुसरी. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, पण प्रत्येक गाडीमागे तो आपली गाडी पुढे घेत होता. आमच्यापुढे तीन गाड्या उरल्या असताना फाटक खाली आलं. पिवळ्या जाकिटातला एक माणूस रांगेतून चालत प्रत्येक काचेवर टकटक करत येऊ लागला.

"वरच्या अंगाला धुकं उतरलंय, काही दिसत नाही," त्याने आम्हाला सांगितलं. "आजचं बंद. म्हणजे यंदाचंच बंद. वसंतात या."

"आभारी आहे," हुबर्ट म्हणाला, कारण कुणी काही सांगितलं की तो आभार मानतोच.

त्याने गाडी वळवली. मी धुक्याला, त्या माणसाला, आयफेलच्या हवेला तोंडाला येईल ते बोलत होते. अर्धा तास आधी निघालो असतो तर, मेलं धुकं आणखी अर्धा तास थांबलं असतं तर! चौकात ‘थांबा’च्या पाटीपाशी हुबर्टने गाडी पूर्ण थांबवली. कडेचं दिसत नाही म्हणून आता तो मान पार वळवून दोन्हीकडे बघतो. रस्ता रिकामा होता. तरी त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं.

"एप्रिलमध्ये धुकं नव्हतं, रोझी," तो म्हणाला.

वर्षभर त्याला सुनवायला मला रोज काहीतरी सापडत होतं. त्या दिवशी मी उजवीकडचा रस्ता त्याच्यासाठी बघितला आणि म्हणाले, "मोकळा आहे, चल."