हेराल्डला दिलेली उचल

किसनसिंगनं नातवासाठी लोखंडी पाळणा केला, तेव्हा तो अंगणातून घरात न्यायला शेजारपाजारची माणसं बोलवावी लागली. झोका द्यायला जोर लागे, आणि सुरू झालेला झोका थांबवायला त्याहून जास्त. नातू त्यात कधी झोपला नाही. पाळणा दिसला की रडायचा. शेवटी त्यात कांदे भरले. कांदे मात्र छान टिकले. ही गोष्ट वाशीम जिल्ह्यातल्या त्यांच्या मालेगावात दुसऱ्या कुणी सांगितली असती, तर किसनसिंगनं त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. पण ती सांगायचा तो स्वतःच, आणि दर वेळी पाळणा थोडा आणखी जड करून सांगायचा.

वाशीम रोडला त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणं हा धंदा, आणि मेडशीपासून शेलूबाजारपर्यंत कुणाच्याही खळ्यावर जा, एखादी तरी ट्रॉली त्याच्या हातची निघे. त्या मोडत नसत. त्याचं कारण किसनसिंग प्रामाणिकपणे सांगायचा, "मले कमी लोखंड लावताच येत नाई. हात थांबत नाई बाप्पा." जिथे एक पट्टी पुरे, तिथे तो दोन लावायचा, आणि मग दुसरी एकटी वाटू नये म्हणून तिसरी. बायको नानीबाईला त्यानं गॅसच्या शेगडीखाली एक स्टँड करून दिला होता. त्या स्टँडपायी तिला स्वयंपाकघराची मांडणी कायमची ठरवून टाकावी लागली, कारण तो पुन्हा हलला नाही.

दोन गोष्टींचा मात्र त्याला खरा अभिमान होता, आणि त्यांची थट्टा तो कुणाला करू देत नसे, स्वतःलाही नाही. एक म्हणजे त्याची 'उचल'. ट्रॉलीचा सांगाडा तो उलटा ठेवून जोडायचा, आणि जोडताना मधोमध थोडा फुगवटा ठेवायचा. रिकामी ट्रॉली पाहिली तर तिला किंचित पाठ आल्यासारखी दिसे. सोयाबीनची पोती रचली की ती पाठ दबून सांगाडा अगदी सरळ होई. आधीच सरळ असलेल्या ट्रॉल्या भरल्यावर पोट सोडतात. त्याच्या सोडत नसत. दुसरी गोष्ट म्हणजे त्याचं एक वाक्य. ते तो गिऱ्हाइकाला चहाबरोबर ऐकवायचा. "माही वेल्डिंग आजवर कापा लागली नाई."

एका उन्हाळ्यात मेडशीच्या बेबीताई त्याच्या दुकानात आल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. किसनसिंगची दोन्ही पोरं त्यांच्याच हातांवर जन्मली होती, त्यामुळे त्यांच्यासमोर तो बढाया जरा जपून मारायचा.

"किसनभाऊ, बाबांची गाडी काढाची हाय," त्या म्हणाल्या.

ती गाडी म्हणजे जुनी स्टँडर्ड हेराल्ड. बेबीताईंचे वडील गोविंदा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. त्यांनी ती कुणा साहेबाकडून जुनीच घेतली होती, पण मेडशीच्या बौद्धवाड्यात आलेली ती पहिली मोटार. ज्या रस्त्यानं गोविंदाचे वडील कडेकडेनं चालत, त्याच रस्त्यानं गोविंदा बायकोला पुढच्या सीटवर बसवून मधोमध गाडी न्यायचे. ते गेल्यावर गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. आता त्यांची बायको तुळसाबाई नव्वदीला टेकली होती, आणि तिनं लेकीला एकच गोष्ट मागितली होती. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिला घरापासून विहारापर्यंत त्याच गाडीतून, त्याच सीटवर बसून जायचं होतं.

"पुढच्या वर्षी नेऊ म्हणलं तर म्हणते, पुढच्या वर्षीचा मी कोणाले शब्द देत नाई," बेबीताई म्हणाल्या.

इंजिन अकोल्याच्या एका मिस्त्रीनं चालतं करून दिलं होतं. प्रश्न चेसिसचा होता. हेराल्डची वरची बॉडी वेगळी आणि खालचा लोखंडी सांगाडा वेगळा, बॉडी त्यावर बोल्टांनी बसवलेली. तो सांगाडाच गंजला होता. बोट लावलं की पापुद्रे निघत.

"चेसिस मजबूत करून द्याची. बस, एवढंच," बेबीताई म्हणाल्या.

किसनसिंगला 'मजबूत' म्हणणं म्हणजे लहान मुलाच्या हातात गुळाची ढेप देऊन 'चाखून पाहा' म्हणण्यासारखं. पण हे बेबीताईंना कोण सांगणार?

गाडी मेडशीहून आली ती मारोतरावांच्या ट्रॉलीत बसून. मारोतराव म्हणजे किसनसिंगचा जुना गिऱ्हाईक आणि त्याहून जुना मित्र. देह चांगला भरलेला, आणि किसनसिंगची फजिती पाहायला कधीही मोकळा. साखळी-कप्पी लावून दोघांनी बॉडी वर उचलली आणि बाजूला लाकडांवर ठेवली. खालचा सांगाडा उघडा पडला तेव्हा किसनसिंगला त्याची दया आली. इतकं बारीक लोखंड! साहेब लोकांची गाडी, तब्येतही साहेबी, असं म्हणून तो कामाला लागला.

गंजलेला भाग कापला, नवा पत्रा घातला, आतून पन्हळीच्या आकाराचं लोखंडी चॅनल टाकलं. चॅनल एकटं दिसलं म्हणून वरून पट्टी. आणि हे सगळं त्यानं सांगाडा उलटा ठेवून केलं, मधोमध थोडा फुगवटा ठेवून. हा त्यानं काही विचार करून घेतलेला निर्णय नव्हता. विचार केला असता तर घेतला नसता. आयुष्यभर हात जे करत आले, तेच त्यांनी केलं, आणि डोकं आपलं बाजूला बसून कौतुक करत राहिलं.

बॉडी परत चढली, बोल्ट कसले, रंगही झाला. मग दारं लावून पाहिली. लागेनात. वरच्या बाजूला बोट जाईल एवढी फट, खालच्या बाजूला दार अडायचं. रेटून लावलं तर क्षणभर थांबून हळूच परत उघडायचं, कुणी आतून ढकलल्यासारखं.

किसनसिंगनं आधी दारांना दोष दिला. बिजागऱ्या सैल केल्या, कसल्या, खाली वायसर घातले, कानशीनं घासलं. मग त्यानं कडुनिंबाला दोष दिला, कारण गाडी इतकी वर्षं त्याच्या सावलीत एका बाजूला कललेली होती. मारोतराव रोज येऊन बघायचे.

"काय म्हणून राह्यले दरवाजे?"

"हवा खाऊन राह्यले," किसनसिंग म्हणायचा.

खरं कारण कळलं ते पावसामुळे. सोयाबीनची काढणी चालू होती आणि मारोतरावांची पोती दुकानासमोर उतरवलेली. अचानक भुरभुर सुरू झाली. ताडपत्री सापडेना, तेव्हा मारोतरावांनी सरळ हेराल्डची दारं उघडली आणि मावतील तेवढी पोती आत कोंबली. मागची सीट अजून बसवलेली नव्हती, त्यामुळे बरीच मावली. किसनसिंग ओरडत बाहेर आला आणि रागानं त्यानं दार आपटलं.

दार लागलं. मऊ आवाज करून, जसं लागायला हवं तसं.

त्यानं दुसरं लावलं. तेही लागलं. फट कुठे नाही. तो खाली वाकला, चेसिसच्या कडेनं एक डोळा मिटून पाहिलं. सांगाडा दोरी लावल्यासारखा सरळ होता.

"मारोतराव," तो उठत म्हणाला, "गाढव पाह्यलं काय कधी, वेल्डिंग करणारं?"

"रोजच पाह्यतो."

"म्या मोटारीले उचल देल्ली."

मारोतरावांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते ट्रॉलीच्या कडेला धरून हसले. "अरे, उचल घेतली तं ऊसतोडीवाल्याले फेडा लागते. हे गाडी कशी फेडीन? जल्मभर सोयाबीन वाहीन काय?"

त्या संध्याकाळी किसनसिंगनं घरी एक तोडगा सांगितला. सीटखाली लोखंडाचे जाड ठोकळे कायमचे जोडून टाकायचे. वजन पडेल, पाठ बसेल, दारं लागतील. कापायला नको.

नानीबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "म्हंजे लोखंड जास्त झालं म्हणून अजून लोखंड."

"तसं नाई..."

"माह्या ओट्यावरचा स्टँड घेऊन जा. तितकंच वजन होते. त्या म्हातारीचं पुण्य लागन तुमाले, अन् मलेबी."

कापलं पाहिजे, हे त्याला कळत होतं. पण दुकानासमोर हंगामाची गर्दी. नव्या ट्रॉल्या बघायला आलेले लोक दिवसभर बसून असत, आणि त्यातल्या प्रत्येकाला त्यानं ते वाक्य चहाबरोबर पाजलेलं होतं. त्यांच्यासमोर आपल्याच जोडावर ग्राइंडर चालवायचा म्हणजे हलवायानं गिऱ्हाइकांदेखत स्वतःचा पेढा थुंकण्यासारखं. त्यानं काम उद्यावर ढकललं, मग परवावर. वीज गेली की त्याला बरं वाटायचं.

सण अगदी जवळ आला तेव्हा बेबीताई तुळसाबाईला ऑटोत घालून घेऊन आल्या. म्हातारीला गाडी बघायची होती. ती उतरली तेव्हा किसनसिंगच्या मनात पहिला विचार आला तो वजनाचा, आणि त्याची त्याला लाज वाटली. पांढरं लुगडं आणि आत जरा कोणीतरी, एवढीच ती होती.

तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. किसनसिंगनं दार लावलं. दार लागलं, थांबलं आणि परत उघडलं.

"हे असंच हाय काय?" तिनं विचारलं.

किसनसिंगनं सगळं सांगितलं. उचल, पोती, पाठ. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"मग आईला कुठे बसवू, पोत्यांवर?" बेबीताई म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या, आणि राग आल्यावर त्यांची मराठी दवाखान्यातल्यासारखी शुद्ध होत असे. "परवा जायचं आहे, भाऊ."

"तू चूप वं बेबी," तुळसाबाई म्हणाली. तिनं दाराचा दांडा आतून धरून ओढून पाहिला. हाताच्या शिरा ताठ झाल्या. "किसन्या, एक दोरी बांधून दे याले. मी धरून बसतो. विहार काई दूर नाई."

ती हे कुरकुरत म्हणाली नाही. तिनं आयुष्यात बऱ्याच गोष्टी अशाच धरून नेल्या असाव्यात, तशा हिशोबानं ती बोलली. किसनसिंगच्या डोळ्यांसमोर मेडशीचा तो रस्ता आला. भर वस्तीतून गोविंदाची मोटार चाललीय, आणि त्याची बायको आत दोरीला लोंबकळलीय. लोक विचारतील, हे कोणाचं काम? आणि कोणी न विचारताच सांगेल.

"दोरी नाई मावशी," तो म्हणाला. "उद्या सांजीले गाडी घरी येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मारोतरावांना बोलावलं, बॉडी पुन्हा उचलली आणि सगळ्यांदेखत ग्राइंडर हातात घेतला. चेसिसच्या दोन्ही बाजूंना मधोमध, वरून, टरबुजाच्या फोडीसारखा बारीक तुकडा काढायचा होता, म्हणजे फुगवटा खाली बसला असता. बाकावर शेलूबाजारचा एक नवा गिऱ्हाईक बसला होता. ठिणग्या उडाल्या तसा तो पुढे सरकला.

"कोणाची वेल्डिंग होय ही?"

"माहीच," किसनसिंग म्हणाला. "दुसऱ्याची असती तं चहा होईलोक कापून झाली असती."

हे खोटं नव्हतं. पट्टी कापली की खाली चॅनल निघे, चॅनल कापलं की आत आणखी एक पट्टी, जी घातल्याचं त्यालाच आठवत नव्हतं. चकतीमागून चकती झिजत होती. दुपारपर्यंत हाताला मुंग्या आल्या आणि तो स्वतःलाच शिव्या देऊ लागला, मोठ्यानं, नावानिशी. "हा किसनसिंग भेटला पायजे एकदा. कोणं सांगतलं होतं त्याले इतकं लावाले?" बाकावरचे लोक आधी संकोचानं, मग मोकळेपणानं हसले. शेलूबाजारच्या गिऱ्हाइकानं ट्रॉलीची ऑर्डर तिथल्या तिथे दिली. कापायला इतका त्रास होणारी वस्तू मोडायची कशी, असा त्याचा विचार होता. किसनसिंगनं तो खोडला नाही.

या वेळी त्यानं डोकं बाजूला बसू दिलं नाही. सांगाडा सरळ ठेवला, दोरी लावून पाहिला, जोड नुसते टाके घालून धरले, त्यावर बॉडी ठेवली आणि रिकाम्या गाडीची दारं लावून पाहिली. लागली. मगच जोड पक्के केले. एकच पट्टी लावली. दुसरी हातात घेतली होती. मारोतरावांनी ती काढून घेतली आणि घरी घेऊन गेले. गाडी घरी निघताना किसनसिंगनं दारांना नवं रबर तेवढं बसवलं, धूळ येऊ नये म्हणून. बाजारात मिळालं त्यातलं सगळ्यात जाड.

सणाच्या सकाळी बेबीताईंनी गाडी काढली. तुळसाबाई पुढच्या सीटवर बसली. किसनसिंगनं दार एका हातानं लोटलं आणि ते लागलं. गाडी वस्तीतून निघाली, रस्त्याच्या मधोमध, चालण्याच्या वेगानं. किसनसिंग मारोतरावांच्या मोटारसायकलवर मागे. रस्त्यात खड्डा आला की तो मान उंच करून आधी दाराकडे पाहायचा. दार उघडलं नाही. विहारापर्यंत एकदाही नाही.

विहारापुढे गाडी थांबली आणि दार तरीही उघडेना. आपल्या बाजूचं दार खांद्यानं रेटून कशाबशा उतरलेल्या बेबीताईंनी बाहेरून ओढलं, किसनसिंगनं ओढलं, मारोतरावांनी पाय लावून ओढलं. जाड रबर दाबून बसलं होतं आणि दार चौकटीत रुतलं होतं, पाचर मारल्यासारखं.

"किसन्या," आतून तुळसाबाई म्हणाली, "परवा लागत नोतं. आज उघडत नाई. तुले मधलं काई येतच नाई काय?"

"नाई मावशी," किसनसिंग म्हणाला. "पेचकस आणतो."

तो डिक्कीकडे वळला. तोवर विहारातून माणसं बाहेर आली होती. पोरीबाळी, सुना, गोविंदासोबत काम केलेला एक म्हातारा, सगळे गाडीभोवती जमले. तुळसाबाईनं काच खाली केली. एकेक जण वाकून "जयभीम आजी" म्हणत होता आणि ती खिडकीतून हात बाहेर काढून प्रत्येकाच्या हातात देत होती.

किसनसिंग पेचकस घेऊन परत आला, तशी तिनं त्याला डोळ्यांनीच थांबवलं.

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली. "लोकं भेटून राह्यले."