दाजींची पेटी एप्रिलात आली
आमचे ऑरिन दाजी म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. नॉर्थ डकोटातल्या एका आडगावी पोस्टाच्या खिडकीत एकतीस वर्षं बसले, पण नियमाबाहेरचं एक पाकीट त्या खिडकीतून गेलं नाही. सख्ख्या आईचं पार्सल त्यांनी परत केलं होतं, वरून दोरी बांधली होती म्हणून. माझी थोरली बहीण एल्ना अशा माणसाबरोबर चाळीस वर्षं हसत नांदली. मी असते तर पहिल्याच हिवाळ्यात माहेरी निघून आले असते.

दर नोव्हेंबरात दोघं माझ्याकडे, शेजारच्या मॉन्टाना राज्यात यायची. दाजींना हरणाच्या शिकारीचा नाद. विमानाची धास्ती, आणि बसमध्ये बंदूक चालत नाही. म्हणून स्वतःची बंदूक ते स्वतःच्याच नावाने पोस्टाने धाडायचे. वर 'ऑरिन ट्वेट', खाली 'मार्फत व्हर्डा लिंड'. बंदूक रिकामी, खोकं साधं, आत काय आहे ते बाहेर लिहायचं नाही. सही करून मी घ्यायची, पण उघडायची फक्त मालकाने. काडतुसं पोस्टाने जात नाहीत, ती इथे हॉबर्टच्या दुकानात घ्यायची. पेटी मंगळवारी यायची, दाजी गुरुवारच्या बसने. "हात लावला नाहीस ना?" हे त्यांचं दारातलं पहिलं वाक्य. "लावला की. तुमच्या नावाने एक हरीणही मारून खाल्लं," असं मी म्हणायचे, आणि एल्ना मागे पिशव्या धरून हसायची.

एल्ना फेब्रुवारीत गेली. पेटी आली एप्रिलात, नेहमीसारखी मंगळवारी.

एप्रिलात इथे कसली शिकार? नुसता चिखल असतो. मी सही केली आणि पेटी दारातच टेकवली. एल्नाच्या स्वयंपाकघरात हा माणूस स्वतःला काही करून घेणार नाही, तिची फरशी खराब होईल. म्हणून मरायला माझ्याकडे येतोय. मला संताप आला आणि त्याच दमात रडूही आलं.

फोन लावला. नुसता वाजत राहिला. दिवसभरात वीस वेळा तरी लावला असेल. शेवटी तिथल्या शेरिफला विनवलं, तेव्हा त्याने माणूस पाठवला. दार बंद, गाडी अंगणात, घरात कुणी नाही. म्हणजे दाजी निघाले होते. पेटी मी जिन्याखाली सारली, वर बटाट्यांची पोती रचली आणि हॉबर्टकडे गेले.

"ऑरिन आले तर काडतुसं द्यायची नाहीत."

"का गं? गेल्या साली नेम चुकला म्हणून?" तो हसला.

मी हसले नाही. मग त्याने मागच्या फळीवरची सगळी खोकी उचलून आत नेली. "संपलीत म्हणेन," एवढंच म्हणाला.

गुरुवारी मी बसच्या थांब्यावर तासभर आधी जाऊन उभी राहिले. काय काय बोलायचं ते ठरवून गेले होते. लाज नाही वाटत, एल्ना गेली तेव्हा मी काय कमी रडले, असं सगळं. बसमधून दोन बायका आणि एक सैनिक उतरला. ड्रायव्हर दार लावायला लागला तसा मी हात आपटला.

"आत आणखी एक म्हातारे असतील. उंच आहेत, राखी टोपी."

"बाई, बस रिकामी आहे."

मग वाटेत कुठे उतरले? इथून तिथपर्यंत किती नद्या आहेत, किती पूल आहेत, ते मी घरी येईस्तोवर मोजत होते. देवा, बंदूकच लागते असं थोडंच आहे.

दार उघडलं तेव्हा फोन वाजत होता. नंबर ओळखीचा नव्हता.

"व्हर्डा, पेटी पोचली?"

"कुठे आहात तुम्ही?" माझा आवाज फाटला.

"नील्सच्या शेतावर. मंगळवारपासून. घरी राहवेना मला." नील्स म्हणजे दाजींचा धाकटा भाऊ.

"आणि इकडे कधी येताय?"

"येत नाहीये. म्हणून तर धाडली."

मी खाली फरशीवरच बसले.

"घरात ती बंदूक होती आणि मी होतो," दाजी म्हणाले. "नील्स भिडस्त आहे, मागितली की परत देईल. तुझ्याकडून मला आजवर धड दुसरा कप कॉफी मिळालेली नाही. पण दुसऱ्या राज्यातल्या माणसाला बंदूक अशी देऊन टाकता येत नाही. स्वतःच्या नावाने मात्र धाडता येते."

मरणाच्या दारात उभं राहूनही या माणसाने नियम बघितला होता. हसावं की रडावं ते कळेना. मी रडले.

"मी आलो आणि मागितली, तर देऊ नकोस," ते म्हणाले. "रडलो तरी देऊ नकोस."

"नाही देणार. मी आत्ता गाडी काढतेय. नील्सला सांगा, घडीभरसुद्धा तुम्हाला एकटं सोडायचं नाही."

"समोरच बसलाय तो. किती तास लागतील?"

"अकरा."

दाजींनी तो आकडा नील्सला सांगितला आणि पुन्हा फोनवर आले.

"दहात होईल का गं?"