हिरव्या सायकलीची पायडलं

घरात नऊ सायकली होत्या आणि त्या रविवारी सकाळी सिस्टरच्या वाट्याला एकही धड नव्हती.

सिस्टर म्हणजे इस्पितळात ऑपरेशनच्या टेबलाशी उभी राहून सर्जनच्या हातात हवं ते हत्यार ठेवणारी बाई. शेजारीपाजारीही तिला सिस्टरच म्हणत. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि घरी सायकली जमवायचा. जिन्याखाली सायकल, गच्चीत सायकल, चक्क न्हाणीघराच्या दाराशीही एक. कुणाची ना कुणाची नडगी रोज फुटायची. पलंगाच्या वर भिंतीला शर्यतीची लाल सायकल टांगलेली. तिला रस्ता म्हणून ठाऊक नव्हता. नवरा तिला मऊ फडक्याने पुसायचा. एवढ्या मायेने त्याने घरातली एखादी खिडकी पुसली असेल तर शपथ.

हिरवी सायकल सिस्टरची, म्हणजे आपली म्हणायला. हिची साखळी तिला, तिचं चाक हिला, हा उद्योग अखंड चालायचा आणि गंडांतर यायचं ते हिरवीवर. मग रविवारी फेरीला निघताना ठरलेलं वाक्य: "अगं, तू आपली माझ्यामागे बस ना." दोघांनी चालवायची ती लांबलचक सायकल त्याने त्याचसाठी आणली असावी, असा सिस्टरला दाट संशय होता. वर्षानुवर्षं तिने पाहिली ती नवऱ्याच्या शर्टाची पाठ. मुलगी पुढे निघून जायची, तिचा नुसता आवाज यायचा.

आणि उद्या मुलगी नोकरीसाठी परदेशी निघणार होती. आज तलावापर्यंत तिच्या शेजारून जायचं, एवढंच सिस्टरला हवं होतं. "हिरवीला हात लावू नका," असं तिने नवऱ्याला आठवडाभर बजावलं होतं. त्याने मान डोलावली होती. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"पायडलं कुठायत हिची?"

"अगं, परवा तो जुना सांगाडा आणला ना, म्हटलं नुसती लावून बघू..."

"मग काढा."

"डावं निघत नाहीये."

डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे गल्लीतल्या पोराटोरांना ऐकवणाऱ्या या पंडिताने घाईत तेच चुकीच्या बाजूने दामटलं होतं. आता ते जाम झालं होतं.

"तू आपली माझ्यामागे..."

"नाही बसणार!" सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्या पाण्याचाही राग आला. "माझी लेक उद्या जातेय आणि मी तुमची पाठ बघू?"

ती तरातरा आत गेली, पलंगावर चढली आणि तिने लाल सायकल खाली उतरवली.

"अगं, ती नको! तिला कधी पाना लागला नाही गं!"

"आज लागेल."

सायकल फरशीवर उलटी ठेवून सिस्टर बसली आणि वर न बघता तिने हात पुढे केला. "पंधरा नंबर."

नवरा घुटमळला. मुलगी दारात हसू दाबत उभी होती. शेवटी त्याने पाना तिच्या तळहातावर ठेवला.

"अगं, डावं उलट्या बाजूने..."

"फडकं," ती म्हणाली.

त्याने मुकाट्याने फडकं दिलं, लालला पुसायचं तेच. लालची दोन्ही पायडलं निघाली आणि हिरवीला बसली. नवऱ्याने हिरवी अंगणात नेऊन ठेवली आणि चाकांत हवा भरली, कुणी सांगायच्या आत.

तलावाच्या रस्त्याला लागल्यावर मुलगी शेजारी आली. मागून ती लांबलचक सायकल एकट्याने रेटत नवरा येत होता, कारण चालण्याजोगी तेवढीच उरली होती. "गिअर बदल! अगं, गिअर बदल!" तो ओरडत होता.

"आई, तू एवढी जोरात चालवतेस?"

"मला तरी कुठे ठाऊक होतं!"

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी सायकल शिकताना धरायची तसा लेक अजूनही खालचा ओठ दातांत धरत होती. इतक्या वर्षांत ते तिला दिसलंच नव्हतं.