मिठाच्या पाण्याची बाटली

त्या दिवशी काचपट्टीवर पाणी मी टाकलं होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला बारा वर्षं लागली, आणि ज्यांच्यासमोर ते बोलायला हवं होतं, त्या शब्बीरभाईंना जाऊन आता दीड महिना होत आला. पुसदच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते आणि मी तिथं जीवशास्त्र शिकवतो. त्यांच्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, तेही लिहीनच. पण आधी हे कबूल केलं नाही तर पुढचं सगळं खोटं ठरेल.

शेवटची भेट यवतमाळच्या दवाखान्यात झाली. त्यांना न्यूमोनिया झाला होता, बोलताना धाप लागत होती. मी स्टूल ओढून बसलो. काय बोलावं ते सुचेना, म्हणून उगाच कॉलेजच्या नव्या इमारतीचं सांगत राहिलो. मध्येच त्यांनी हात उचलून वर लटकवलेल्या सलाईनकडं बोट दाखवलं. "सर, हे पाहा. इथं बी आपलंच मीठपाणी हाय." मग हसले, खोकला आला, तो थांबल्यावर पुन्हा म्हणाले, "साधं पाणी भरलं असतं तं फुटलो असतो ना मी!" शेजारच्या खाटेवरचा माणूसही हसला. मी हसलो. पण परतीच्या एसटीत दारव्हा गेलं, दिग्रस गेलं, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. त्यांनी ते सहज म्हटलं, की मला म्हटलं? त्यांना माहीत होतं का? पुढच्या रविवारी पुन्हा जायचं आणि सरळ बोलून टाकायचं असं ठरवलं. गुरुवारी सकाळी त्यांच्या मुलीचा, नसरीनचा फोन आला. "सर, अब्बा गेले..." एवढंच ती म्हणाली.

मी नोकरीला लागलो तेव्हा शब्बीरभाई त्या प्रयोगशाळेत आठ-दहा वर्षं जुने होते. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे बारीक पेचकस आणि चिमटे त्यांच्या खिशातच असायचे. आमचे सूक्ष्मदर्शक जुने. कुणाचा आरसा निसटलेला, कुणाची नळी आपोआप खाली सरकायची. नवे मागवण्याचा अर्ज मी पहिल्याच महिन्यात लिहायला घेतला, तर हे म्हणाले, "अर्ज लिवा सर, पण तवरोक पोरायनं का खिडकीतून पाहाचं काय?" आणि दोन आठवड्यांत अकराच्या अकरा यंत्रं त्यांनी चालू करून दिली. बोटं कायम निळी. गालाच्या आतल्या पेशी पोरांना दाखवताना जो निळा रंग वापरतात, तो त्यांच्या नखांत कायमचा बसला होता. पोरं त्यांना चाचा म्हणायची, आणि माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त प्रश्न विचारायची.

लाळेचा प्रयोग हा आमचा वार्षिक विनोद होता. पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या द्रावणात आयोडीन टाकलं की ते निळंकाळं होतं. त्यात आधी लाळ मिसळली, तर लाळेतलं विकर त्या पिष्टाचे लांबलचक रेणू तोडून साखर करतं, आणि मग निळा रंग येत नाही. लाळ दरवर्षी शब्बीरभाईंची असे. एके वर्षी प्रयोग रमजानमध्ये आला. मी परीक्षानळी पुढं केली तर हात जोडून म्हणाले, "आज माहा रोजा हाय सर. आज थुका तुम्हीच." सगळा वर्ग पोट धरून हसला. माझी लाळ मिसळली तरी निळा रंग बराच वेळ येतच राहिला. तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "सरांची थुंकी बी सरांवानीच हाय. घाई नाही तिले."

मिठाच्या पाण्याची बाटली त्याच काळातली. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, तर तो पातळ करावा लागतो, आणि तो साध्या पाण्यात करून चालत नाही. तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिननं भरलेली एक चपटी पिशवी. तिचं आवरण स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं, इतकं पातळ की त्याला पापुद्रा म्हणणंही जास्तीचं होईल. बाहेर मीठ नसेल तर पाणी त्या आवरणातून आत घुसत राहतं, पेशी फुगते आणि फुटते. म्हणून बाहेरच्या पाण्यातही रक्ताइतकंच मीठ लागतं. शब्बीरभाई ते तराजूवर तोलून घालायचे, पण मग एक थेंब जिभेवर ठेवायचेच. प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं, हे मी त्यांना कितीदा तरी बजावलं. "तराजू जुना हाय सर, जीभ जुनी नाही," ते म्हणायचे. "डोयातल्या पाण्याइतकं खारट पायजे. त्याहून कमी नाही, जास्त नाही." हे पाणी ते खोकल्याच्या औषधाच्या एका तपकिरी बाटलीत ठेवत. बाटलीवर नाव नव्हतं. आम्हा दोघांना माहीत होतं, तेवढं पुरत होतं.

मग तो दिवस. तपासणीसाठी बाहेरून तीन जणांची समिती येणार होती. प्राचार्यांनी आठवडाभर आधीपासून भिंती धुऊन घेतल्या होत्या. अकरावीच्या वर्गासमोर मी जिवंत तांबड्या पेशी दाखवणार होतो. टेबलावरची ती खोकल्याच्या औषधाची बाटली पाहून मला लाज वाटली. समितीला काय वाटेल! मी ती उचलून कपाटात ठेवली आणि नव्या, स्वच्छ काचेच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर भरून घेतलं. वीस वेळा फळ्यावर शिकवलेली गोष्ट त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हती... शुद्ध पाणी म्हणजे उत्तम पाणी, एवढंच होतं. पोरांना टोचायचं नाही म्हणून शब्बीरभाईंनी स्वतःचं बोट टोचून काचपट्टीवर थेंब ठेवला. मी त्यांना चहा सांगायला पाठवलं, थेंबावर पाणी टाकलं, वर झाकणकाच ठेवली. समितीतल्या एका बाईंनी भिंगाला डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "यात काहीच नाहीये." मी पाहिलं. खरंच काही नव्हतं. फिकट तांबूस, रिकामं वर्तुळ.

शब्बीरभाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. प्राचार्य माझ्याकडं पाहत होते. आणि मी, सगळ्या वर्गासमोर, म्हणालो, "शब्बीरभाई, काच नीट पुसली नव्हती का तुम्ही?" त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. काचेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पुसली होती सर... राहिली असंन." एवढंच. समिती पुढच्या खोलीत गेली.

संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मी एकटाच परत गेलो. स्वतःचं बोट टोचलं. दोन परीक्षानळ्या घेतल्या, एक थेंब डिस्टिल्ड वॉटरमध्ये, एक त्या तपकिरी बाटलीतल्या पाण्यात. पहिली नळी लाल सरबतासारखी पारदर्शक झाली, तिच्यातल्या पेशी फुटून संपल्या होत्या. दुसरी गढूळ राहिली, आणि तिच्या थेंबात हजारो पेशी, नाण्यांसारख्या गोल, तरंगत होत्या. म्हणजे त्या संध्याकाळी मला सगळं कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी विभागप्रमुख म्हणून माझ्याकडं अहवाल मागितला, तेव्हा मी लिहून दिलं, "परिचराच्या हलगर्जीपणामुळे." अक्षर माझं, सही माझी. त्यावरून त्यांना ज्ञापन, म्हणजे लेखी ताकीद मिळाली. सहायकाच्या जागेसाठी त्यांचं नाव पुढं जायचं होतं, ते थांबलं. निवृत्त होईपर्यंत ते परिचरच राहिले. का लिहिलं, याचं उत्तर मी अनेकदा शोधलं. भीती होती, हे खरं. पण भीती तर दोन दिवसांत गेली, मग पुढची बारा वर्षं कशाची होती? मला अजूनही नीट सांगता येत नाही.

ज्ञापन वाचून त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून काचा तीन-तीनदा पुसू लागले. आणि आठवड्याभरानं मी पाहिलं, त्या तपकिरी बाटलीवर पांढरी पट्टी चिकटवलेली होती. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "रक्तासाठी हे." बाटली ते माझ्या उजव्या हाताशी ठेवू लागले, दर प्रयोगाला, न चुकता. ती कपाटात त्यांना सापडली असणार. त्यावरून त्यांनी ओळखलं का? की नुसता व्यवस्थितपणा होता तो? मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे सांगणंच होतं.

ते गेल्यावर दहाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. भाभींनी चहा केला. नसरीन यवतमाळच्या एका पॅथॉलॉजीत रक्ततपासणीचं काम करते. ती माझीच विद्यार्थिनी, आणि त्या दिवशी ती त्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर बसलेली होती. हे मला माहीत होतं, पण मी ते कधी आठवू दिलं नव्हतं. अब्बांचा विषय निघाला तशी तीच म्हणाली, "सर, त्या दिवसानंतर मी अब्बांशी आठ दिवस बोलले नव्हते. मैत्रिणींसमोर लाज वाटली होती मले. म्हटलं, काच पुसायचं एक काम, तेही..."

"मग? ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. झाली गलती बेटा, म्हणाले. मी अजूनही लॅबमध्ये काच दोनदा पुसते सर. अब्बांसारखं होऊ नये म्हणून."

भाभी म्हणाल्या, "उनके हाथ से कभी कुछ खराब नहीं हुआ था. वो एक ही बार." मी चहा संपवला आणि उठून आलो. होय, तेव्हाही उठून आलो. रस्त्यात स्कूटर थांबवून उभा राहिलो. घरातही त्यांनी चूक स्वतःची म्हणून सांगितली होती. म्हणजे त्यांना खरंच तसं वाटत होतं? मग ती पट्टी? मग ते सलाईन? आणि माहीत असूनच सांगितलं असेल, तर मुलीच्या नजरेतून उतरण्याइतकं मी त्यांचं काय भलं केलं होतं? अजूनही कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. हे कोडं सोडवणारा माणूस आता नाही. पण नसरीन आहे, आणि तिच्या मनातला बाप माझ्यामुळं निष्काळजी ठरला आहे, एवढं मात्र स्पष्ट होतं.

गेल्या शनिवारी मी तिला कॉलेजात बोलावलं. अकरावीचा वर्गही बसवला, कारण जे बोललो होतो ते वर्गासमोरच बोललो होतो. बाटली अजून तिथंच आहे. पट्टी पिवळी पडली आहे, 'रक्तासाठी'मधला 'र' पुसट झालाय. पाणी मी ताजं केलं, मीठ तोललं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक थेंब जिभेवर ठेवला. माझं बोट टोचून दोन काचा केल्या. नसरीननं पहिल्या भिंगाला डोळा लावला, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या. तिला वेळ लागला नाही, तिचं रोजचंच काम ते.

"हे साध्या पाण्यात टाकलंय सर," ती म्हणाली. मग डोळा न उचलता, हळू आवाजात, "त्या दिवशी बी... पाणीच होतं?"

"हो."

"कोणी टाकलं होतं?"

मी तिच्याकडं पाहून बोलायला सुरुवात केली, पण नजर दाराकडं गेली, जिथं ते चहाचा ट्रे घेऊन उभे राहिले होते. आणि मी तिकडंच बोललो, मोठ्यानं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. "पाणी मी टाकलं होतं शब्बीरभाई. त्याच संध्याकाळी मला ते कळलंही होतं, तरी तुमच्या नावावर लिहिलं. मला माफ करा. तुमची काच स्वच्छ होती."