अष्टमीला सुटलेली बोट

मुलांनो, तुमच्या आईने तुम्हाला या गोष्टीतला एकच भाग सांगितला असणार, आजोबा चिखलात रुतले तो. तो व्हिडिओही तुम्ही पाहिला असेल. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो चार दिवस फिरत होता. पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढचं कोणीतरी नीट, क्रमवार लिहून ठेवायला हवं, आणि या घरात क्रमवार काही करण्याचं काम माझ्याकडेच असतं.

बोट तुम्हाला फोटोत दिसली तशीच आहे. फायबरची, लहानशी, मागे इंजिन अडकवायचं. दोन माणसं, दोन पाण्याचे कॅन, एक तंबू आणि चार पिशव्या एवढ्यात भरते. आजोबांनी निवृत्तीनंतर ती घेतली आणि गोराईच्या जेट्टीवर बांधली. त्यांचं बालपण मालवणच्या किनाऱ्यावर गेलं. नोकरीची सगळी वर्षं मात्र बोरीवलीत, आपल्या खिडकीतून नॅशनल पार्कचे डोंगर बघत गेली. या डोंगरांच्या पाठीमागे पाण्याने जाता येतं, हे त्यांच्या डोक्यात फार वर्षांपासून होतं. गोराईच्या खाडीतून समुद्रात पडायचं, किनाऱ्याने उत्तरेला जायचं, वसईच्या खाडीत शिरायचं आणि घोडबंदरच्या पुढे जाऊन उजवीकडे बघायचं. तिथे तेच डोंगर उभे असतात, पण पाठमोरे.

"गाडीने एका तासात दिसतील की," मी म्हणत असे.

"गाडीने बघितलं तर त्याला बघणं म्हणतात का गं?"

त्या मोठ्या फेरीआधी सराव म्हणून आम्ही एका मुक्कामाची सहल ठरवली. दिवस आजोबांनी निवडला, कोजागरी. चांदणं, मसाला दूध, वाळूवर तंबू. दुपारी भरतीच्या भरल्या पाण्यात आम्ही मनोरीच्या अलीकडे एका वाळूच्या पट्ट्याला लागलो. संध्याकाळी पाणी उतरलं आणि बोटीभोवती चिखल उघडा पडला. पण तेव्हा समोर चंद्र उगवत होता. चिखलाकडे बघतो कोण?

पौर्णिमेला उधाण असतं. पाणी जितकं चढतं तितकंच लांब उतरतं. सकाळी उठलो तर पाणी पार खाडीच्या मध्यावर गेलेलं आणि आमची बोट एका कुशीवर कलंडून चिखलात निजलेली. थांबलो असतो तर उन्हं वर येईपर्यंत पाणी आपोआप परत आलं असतं. पण आजोबा सोसायटीचे सेक्रेटरी आणि दहा वाजता जनरल बॉडीची मीटिंग. ते बोट ढकलायला निघाले, सहा पावलं गेले आणि मांड्यांपर्यंत रुतले.

"अहो, मागे फिरा!"

"फिरतोय! पाय फिरत नाही!"

जवळच्या होडीवरच्या दोघांनी फळ्या टाकून त्यांना बाहेर ओढलं. तिसऱ्याने मोबाइल काढला. बाहेर आल्यावर आजोबांचं पहिलं वाक्य होतं, "चप्पल राहिली." तेही व्हिडिओत आहे.

त्याच दिवशी तुमच्या आईचा फोन आला. ती हसत नव्हती.

"बाबा, बोट विका."

"अगं, एक चप्पल गेली फक्त."

"पुढच्या वेळी कोण जाईल? आईचा गुडघा बघा, तुमचं वय बघा. मी इथे साता समुद्रांपलीकडे बसलेय. रात्री फोन वाजला की आधी तुमचा नंबर आहे का ते बघते. तुम्हाला काही वाटतं का?"

आजोबांनी फोन माझ्याकडे सरकवला. मग मी फोन हातात घेतला आणि एक करार मांडला. डोंगरांच्या पाठीमागची फेरी आम्ही एकदाच करू. आखणी सगळी मी करीन. फेरीच्या चार दिवसांत कोणीही आम्हाला ओढलं, काढलं किंवा सोडवलं, तर बोट दुसऱ्या दिवशी विकू. कुणाच्या मदतीशिवाय परत आलो तर बोट राहील आणि तो विषय परत निघणार नाही.

"आखणी तू करणार? नक्की?" तुमच्या आईने विचारलं.

"नक्की."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. आजोबांना हे थोडं लागलं.

मी शाळेत वर्षानुवर्षं भूगोल शिकवला. चंद्र, पृथ्वी, सूर्य अशी तीन वर्तुळं फळ्यावर किती वेळा काढली असतील! पण आखणीला जास्त उपयोग झाला तो आजोबांच्या घरातल्या जुन्या हिशोबाचा. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती मुंबईच्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी, संध्याकाळी सहाला पुन्हा भरती. मोबाइलवरच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, थोड्या मिनिटांचा फरक. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. चिखल कमी.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी पौषातली शुद्ध अष्टमी निवडली आणि बघता बघता सगळं जागेवर बसत गेलं. उजाडता ओहोटीबरोबर खाडीतून बाहेर पडायचं. थंडीत सकाळी समुद्र शांत असतो, तेव्हा उत्तर गाठायची. दुपारी पाणी फिरलं की तेच आपल्याला वसईच्या खाडीत आत नेईल. परतताना उलट, सकाळच्या ओहोटीबरोबर बाहेर आणि दुपारचा वायव्येचा वारा पाठीला. चौथ्या दिवशी दुपारी पाणी चढायला लागलं की गोराईच्या खाडीत आत. इंजिन फक्त मदतीला, खरं काम पाण्याचं.

चौथा दिवस एकादशीचा निघाला. म्हणजे शेवटच्या दिवशी साबुदाणा. पीठ, तांदूळ काही उरवायची गरज नाही. पहिल्या दिवशीसाठी दशम्या आणि लसणाची चटणी, मधल्या दोन दिवसांना मुगाची खिचडी. आजोबांनी सुका जवळा मागितला. मी तो तीन पिशव्यांत गुंडाळून पेट्रोलच्या कॅनजवळ ठेवायला लावला, अन्नाजवळ नाही.

मुक्काम ठरवताना आजोबा नकाशात वाळूचे सुंदर पट्टे दाखवत होते. मी विचारत होते, "इथे बाईमाणसाने सकाळी जायचं कुठे?" या प्रश्नावर त्यांचे पाच पट्टे बाद झाले. म्हणून मी मुक्काम वस्तीजवळ घेतले आणि फोन करून आधी विचारून ठेवलं. पहिला पाणजू बेटावर एका कुटुंबाच्या अंगणात, दुसरा घोडबंदरच्या पुढे समोरच्या काठावर एका जुन्या रेती बंदराजवळ, जिथे राखणदाराच्या घरात संडास होता, आणि तिसरा उत्तनला. सगळ्या पिशव्या मी बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिल्या, बोट एका बाजूला झुकू नये म्हणून.

"आता मला पण चढव काट्यावर," आजोबा म्हणाले.

"चढा."

ते चढले. मग त्यांनी मलाही चढवलं. त्यावरून बोटीत कोणी कुठे बसायचं ते ठरलं. आकडे सांगणार नाही.

निघायच्या दिवशी जेट्टीवरच्या चौकीत आमची नावं आणि मार्ग लिहून दिला. हवालदाराने आमच्याकडे पाहिलं, मग बोटीकडे, मग पुन्हा आमच्याकडे.

"काका, नातवंडं येणारेत का सोबत?"

"नातवंडं परदेशात. आम्हीच दोघं."

"झकास," तो म्हणाला, पण चेहऱ्यावर तसं नव्हतं.

पहिले दोन दिवस आखल्याप्रमाणे गेले. असं लिहिताना मला काय आनंद होतो, ते तुम्हाला कळणार नाही. खाडीतून आम्ही अलगद बाहेर पडलो. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होता. उत्तनपाशी नांगर टाकून दशम्या खाल्ल्या. बारा वाजून गेले तसा नांगराचा दोर हळूहळू फिरला आणि बोटीचं नाक उलट दिशेला वळलं. पाणी फिरलं होतं. आजोबांनी दोराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मला सलाम केला. अगदी खरा, हात कपाळाला लावून.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोडबंदर मागे टाकलं. खाडी अरुंद झाली, दोन्ही काठांना तिवरं आणि त्यांच्यावर बगळे. मग एका वळणानंतर उजव्या हाताला ते उभे राहिले. मी रोज चहा पिताना बघते तेच डोंगर, पण मी ओळखले नाहीत. आपल्या बाजूने ते बुटके आणि बिल्डिंगांच्या मागे दबलेले दिसतात. इकडून ते थेट पाण्यातून वर गेलेले, गर्द हिरवे, एकही भिंत मध्ये नाही. आजोबांनी इंजिन बंद केलं. भरतीचं पाणी आम्हाला हळूहळू पुढे नेत होतं.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "आपण यांच्या मागच्या दारात राहत होतो. पुढचं दार हे आहे."



तिसऱ्या दिवशी ओहोटीबरोबर आम्ही खाडीबाहेर उत्तनला आलो. चौथ्या दिवशी, एकादशीला, दुपारी एकच्या सुमाराला मनोरीपाशी, आपल्या गोराईच्या खाडीच्या तोंडाशी पोचलो आणि तिथे आमचं भांडण झालं. घर समोर होतं. पण पाणी अजून बाहेर येत होतं, ते फिरायला तासाभरापेक्षा जास्त वेळ होता.

"अगं, इंजिन आहे ना? दहा मिनिटांत आत जातो."

"पाणी फिरल्यावर."

"करार जिंकलोय आपण! आता कशाला थांबायचं?"

"करार जेट्टीला पाय लागल्यावर जिंकतो. नांगर टाका."

त्यांनी नांगर टाकला, पण दणकन. मी डबा उघडून साबुदाण्याची खिचडी पुढे केली. रागाने खातानाही त्यांनी दोनदा वाढून घेतली. दोर फिरला, नाक खाडीकडे वळलं, तेव्हाच मी "चला" म्हटलं.

मनोरी मागे टाकून आम्ही थोडे आत आलो आणि इंजिनाचा आवाज बदलला. मग वाफेचा वास आला. आजोबांनी झटकन बंद करून ते वर उचललं. इंजिन थंड ठेवायला जिथून पाणी ओढलं जातं, तिथे एक प्लॅस्टिकची पिशवी गच्च चिकटली होती. त्यांनी ती सोलून काढली, इंजिन निवू दिलं, दोरी ओढली. पुन्हा ओढली. ते खोकलंसुद्धा नाही.

आजोबांचा चेहरा बघवत नव्हता. तेवढ्यात एक मासेमारीची बोट बाजूने आली.

"काका, वाट लागली काय? दोर टाका, ओढतो."

ओढतो! सगळा प्रवास त्या एका शब्दापाशी येऊन थांबला होता. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला होता. मी काठाकडे पाहिलं. तिवरांची एक ओळ हळूहळू मागे सरकत होती. आम्ही काही न करता घराच्या दिशेने चाललो होतो.

"नको, दादा," मी म्हटलं. "पाणी आत चाललंय. आम्ही पण."

"अंधार होईल, काकू."

"अंधाराआधी पोचू. भरती आठपर्यंत चढतेय."

तो हसला. "एकादशी आज, बरोबर," असं म्हणून पुढे निघून गेला.

मग आम्ही वल्ही काढली. खरं तर वल्हवायचं नव्हतंच, फक्त बोट पाण्याच्या मधल्या धारेत ठेवायची होती. आजोबा उजवीकडे, मी डावीकडे. माझा गुडघा घडीच्या स्टुलावर टेकलेला. ओहोटीत शिरलो असतो, तर याच जागी बंद पडलेल्या इंजिनासकट पाण्याने आम्हाला समुद्रात नेऊन टाकलं असतं. हे दोघांनाही कळत होतं. बऱ्याच वेळाने आजोबा म्हणाले, "नांगर जरा जास्तच जोरात टाकला मी." मी "हं" म्हटलं. एवढ्यावर भांडण मिटलं.

ऊन तांबूस होत असताना गोराईची जेट्टी समोर आली. पाण्याने आम्हाला तिच्यापाशी आणून सोडलं आणि आजोबांनी दोर फेकून पहिल्याच फेकीत खुंटाला अडकवला. पायरीवर पाय ठेवताच मी तुमच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे तेव्हा सकाळ होती. तिने आधी आम्हा दोघांना पायांपर्यंत बघून घेतलं, चपलांसकट.

"इंजिन वर का आहे?" तिने लगेच पकडलं.

मी सगळं सांगितलं. पिशवी, इंजिन, ती बोट, दोर, माझा नकार. आजोबा माझ्या खांद्यामागून मोबाइलमध्ये डोकावत होते, निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखे.

"म्हणजे कोणी ओढलं नाही?"

"कोणीच नाही."

"आणि हे सगळं तू आधी ठरवलं होतंस? इंजिन बंद पडलं तरी पाणी घरी आणेल असं?"

"बंद पडेल असं ठरवलं नव्हतं. पण पडलं तर कुठे असावं, ते ठरवलं होतं."

तुमच्या आईने डोळे पुसले आणि मग हसली. "ठेवा बोट," ती म्हणाली. "पण बाबा, दिवस आई निवडणार. प्रत्येक वेळी."

"मान्य!" आजोबा इतक्या जोरात ओरडले, की चौकीतला हवालदार बाहेर आला. त्याने बोट पाहिली, वर उचललेलं इंजिन पाहिलं, आत ठेवलेली ओली वल्ही पाहिली.

"ओढून आणलं का कुणी?" त्याने विचारलं.

"पाण्याने आणलं. ओढण्याचं नावही नका घेऊ," आजोबा म्हणाले, आणि पिशव्या जेट्टीवर चढवायला लागले.